तुम्ही विचारलंत म्हणून: एडिटिंग आहे तर फोटो नीट काढायची गरज काय?

साताऱ्यात लग्नाचे फोटो काढतो मी. हळदीला नवरीला जरा सावलीत सरकवलं, सेटिंग बदलत बसलो की कुणीतरी विचारतंच, "दादा, नंतर एडिट होतंय की सगळं, एवढा वेळ कशाला लावताय?"

होतं, पण सगळं नाही होत. एडिटिंगला मी फसवणूक वगैरे अजिबात मानत नाही, राजवाड्याजवळच्या ज्या स्टुडिओत शिकलो तिथले काका डार्करूममध्ये एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडणाऱ्या यंत्राखाली, हात हलवत चेहऱ्यावरचा उजेड अडवायचे आणि प्रिंटमध्ये चेहरा उजळ यायचा, तेही एडिटिंगच की. फक्त रोलमध्ये 36च फोटो असायचे, त्यामुळे बटण दाबायच्या आधी डोकं चालायचं.

आता हळदीचंच घ्या. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग वेगवेगळे नोंदवतो, त्यांना चॅनेल म्हणतात. हळदीच्या पिवळ्यात लाल चॅनेल सगळ्यात आधी भरून जातो, म्हणजे त्यापुढचा उजेड त्यात नोंदलाच जात नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवरचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत उजेड किती ते दाखवणारा आलेख, मात्र ठीकच दिसतो, म्हणून आपण फसतो. माझ्या चुलत बहिणीच्या हळदीचे फोटो मी भर दुपारी गच्चीवर जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानंच तयार करून दिलेल्या नेहमीच्या फाइलमध्ये, काढले होते, म्हटलं घरी जाऊन बघू. घरी बघतो तर गालावर नुसता सपाट पिवळा डाग, ओली हळद कुठली, सुकलेली कुठली काही कळेना, ब्राइटनेस कमी केला तर डाग मळकट झाला, तपशील काही परत आला नाही. अजून वाईट वाटतं त्याचं. जेपेगमध्ये एका रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेल्या कच्च्या नोंदीत, 16,384, म्हणून रॉमध्ये सावरायला बरीच जागा मिळते. पण उजेड टिपणारा सेन्सरच पूर्ण भरला असेल तर रॉमध्येही तिथं काहीच नसतं, मग कुठलंही सॉफ्टवेअर आणा.

कासला पण हेच दिसतं. ते पिवळं मिकी माऊसचं फूल, स्मिथिया, त्याच्या पाकळ्यांवर दोन लाल ठिपके असतात. लोक सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, इतकं ओढतात की पाकळीच्या शिरा पार गायब होतात आणि फूल प्लास्टिकचं वाटायला लागतं, मला ते बघवत नाही.

पण एक खरं सांगतो, फोटो ओळखायला मला एडिटिंगनंच शिकवलं. स्क्रीनवर 100 टक्के झूम करून बघितल्यावर कळलं की माझं शटर कायम जरा स्लो असायचं, त्यानं फोटो हलायचे, आणि हललेला फोटो शार्पनिंगनं नुसता खरखरीत होतो, हललेला तो हललेलाच राहतो.

आता हळदीला मी रॉ लावतो, तिन्ही रंगांचे वेगवेगळे हिस्टोग्राम चालू ठेवतो, एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, थोडं खाली घेतो आणि नवरीला मांडवाच्या सावलीत आणतो, यात दोन मिनिटं जातात तुमची, मान्य. गेल्या महिन्यातल्या एका फोटोत नवरीच्या गालावर तिच्या आजीच्या बोटांचे ठसे आलेत, चार वेगवेगळे, रेषांसकट. एडिटिंगला मी फक्त सावली थोडी उचलली.