हातग्राइंडरची परीक्षा भरडीवर

गेले तीन आठवडे आमच्या कोथरूडच्या स्वयंपाकघरात कॉफी दळायचे दोन हातग्राइंडर शेजारीशेजारी उभे आहेत. एक दोन वर्षांपूर्वी घेतलेला, सिरॅमिकच्या दात्यांचा आणि स्वस्त. दुसरा नुकताच घेतलेला, ३८ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी दात्यांचा आणि पहिल्याच्या जवळजवळ चौपट किमतीचा. हाताने फिरवायच्या एवढ्याशा यंत्रासाठी इतके पैसे मोजण्यात खरोखर अर्थ आहे का, हे मला स्वतःच्या खात्रीसाठी तपासायचे होते. म्हणून एकाच पाकिटातले चिकमगळूरचे मध्यम भाजलेले दाणे, प्रत्येक वेळी १५ ग्रॅम, पाणी २४० ग्रॅम आणि तोच कागदी फिल्टर, असे सगळे कायम ठेवून मी फक्त ग्राइंडर बदलत राहिलो.

ग्राइंडरची रचना जात्याहून फारशी वेगळी नाही. आतला दातेरी शंकू फिरतो, त्याच्याभोवतीचे दातेरी कडे स्थिर राहते आणि दोहोंमधल्या फटीतून दाणा फुटत, चिरत खाली उतरतो. या जोडीला कॉफीवाले ‘बर’ म्हणतात, म्हणून मीही पुढे तोच शब्द वापरतो. फट कमी केली की पूड बारीक होते, वाढवली की जाड. माझी आजी डाळ भरडायला बसायची तेव्हा जात्याच्या मधल्या खिळीवर चिंधी गुंडाळून वरची तळी किंचित उचलून घ्यायची, आणि पीठ कोणत्याही जात्यावर निघते पण भरड चांगल्या जात्यावरच सारखी निघते, असे तिचे म्हणणे होते. तिने त्याचे कारण कधी सांगितले नाही, पण ते आता माझ्या लक्षात येते. दोन्ही तळ्या एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या असतात तेव्हा त्या एकमेकींना सांभाळून घेतात. वरची तळी उचलली की ती सरळ राखण्याची सगळी जबाबदारी खिळीवर येते, आणि खीळ ढिली असेल तर तळी डुलते आणि डाळीपेक्षा चुनीच जास्त पडते.

स्वस्त हातग्राइंडरमध्ये हेच घडते. त्यातला शंकू आसाच्या खालच्या टोकाला अडकवलेला असतो, स्प्रिंग त्याला दाबून धरते आणि आसाला आधार असतो तो बहुधा प्लास्टिकच्या एखाद्या भोकाचा. बारीक दळताना शंकू कड्यात घट्ट बसत असल्यामुळे तो आपोआप मध्यावर येतो. जाड दळण्यासाठी तो खाली सरकवला की त्याला कुणाचाच आधार उरत नाही. त्यामुळे ‘हा किती बारीक दळतो’ असे विचारून ग्राइंडर निवडणारा माणूस, तो ग्राइंडर जिथे सर्वांत भक्कम असतो तिथेच त्याची परीक्षा घेत असतो. पहिला ग्राइंडर घेताना मीही हीच चूक केली होती.

ही डुगडुग पाहायला उपकरण लागत नाही. ग्राइंडर जाड दळणावर लावावा, मूठ काढावी, खालचा डबा काढून ग्राइंडर उलटा धरावा आणि खिडकीच्या उजेडात शंकू बोटाने हलवून पाहावा. जुन्या ग्राइंडरमध्ये एका बाजूची फट मिटत जाते आणि समोरच्या बाजूची उघडते, हे डोळ्यांना स्पष्ट दिसते. नव्या ग्राइंडरचा आस वर आणि खाली अशा दोन बॉल बेअरिंगांमध्ये बसवलेला आहे. त्याचा शंकू मी जोर लावूनही हललेला दिसला नाही. पोलाद की सिरॅमिक यावर खरेदी करणारे फार चर्चा करतात. पोलादी दाते जास्त धारदार करता येतात आणि त्यामुळे दळण लवकर होते, हे खरे. पण माझ्या मते पहिली चौकशी आसाच्या आधाराचीच करावी.

त्यानंतर चाळणी. तुळशीबागेतून आणलेली मैद्याची चाळणी, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा आणि एक मिनिटाचा गजर, एवढीच सामग्री. फ्रेंच प्रेसला, म्हणजे पूड पाण्यात भिजवून जाळीच्या दट्ट्याने खाली दाबायच्या भांड्याला, लागते तितके जाड दळण दोन्हींवर काढले आणि प्रत्येकी तीन वेळा चाळले. जुन्या ग्राइंडरच्या १५ ग्रॅमांतून दर वेळी तीन ग्रॅमांहून अधिक पिठूळ भुकटी खाली पडली, नव्याच्या दळणातून दीड ग्रॅमांच्या आत. चाळणीत वर राहिलेला भाग तर याहूनही बोलका होता. नव्याचे दळण जाड रव्यासारखे एकजिनसी होते. जुन्याच्या दळणात बाजरीएवढे कण होते आणि त्यांच्यामध्ये दोन-चार पाव दाणे जसेच्या तसे होते. घरची चाळणी म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, आणि बारीक भुकटीतली काही मोठ्या कणांना चिकटून वरच राहते, हे मान्य. पण तीनही वेळा फरक एकाच दिशेने आणि इतका मोठा आला की तो योगायोग म्हणता येणार नाही.

कपात याचा परिणाम काय होतो? गरम पाणी लहान कणातून सगळे काही लवकर ओढून घेते आणि मग कडू, तोंड कोरडे करणारे अंशही काढू लागते; मोठ्या कणाच्या गाभ्यापर्यंत ते तेवढ्या वेळात पोचतच नाही, म्हणून त्यातून मुख्यतः आंबटपणा उतरतो. दोन्ही प्रकारचे कण एकत्र असले की एकाच घोटात आधी आंबट आणि मागाहून कडू लागते, आणि दळण जाड किंवा बारीक करून यातली कोणतीही एकच तक्रार मिटते. दीड वर्ष मी याचा दोष दाण्यांना आणि पाण्याला देत होतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. या चाचणीत ते उकळल्यावर अर्धा मिनिट थांबून ओतले, म्हणजे पाण्याचा मुद्दा दोन्हीकडे सारखाच राहिला. पूड ओली करून अर्धा मिनिट फुगू दिल्यावर नव्या ग्राइंडरच्या दळणातून सगळे पाणी २ मिनिटे ४० सेकंदांच्या आसपास उतरत होते. जुन्याच्या दळणात बारीक भुकटी कागदाच्या छिद्रांत बसून फिल्टर तुंबायचा आणि चार मिनिटे उलटून गेली तरी वर पाणी साचलेले असायचे. नव्या दळणाच्या कपात मला पहिल्यांदा या दाण्यांचा चिकूसारखा मऊ गोडवा लागला. दाणे तेच होते.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. आई सकाळी पितळी फिल्टरमध्ये चिकोरी मिसळलेल्या पुडीचा डिकॉक्शन काढते आणि त्यात दूध-साखर घालते. दोन्ही ग्राइंडरांवर बारीक दळून, कोणती पूड कुठली हे न सांगता, मी तिला चार दिवस कॉफी करायला दिली. तिला फरक ओळखता आला नाही, आणि मलाही आला नाही. ज्या घरात फक्त फिल्टर कॉफी होते, तिथे चवीसाठी महाग ग्राइंडर घ्यावा असे मी म्हणणार नाही. शिवाय नव्या ग्राइंडरमध्ये एका वेळी जेमतेम २० ग्रॅम दाणे मावतात. चार जणांच्या डिकॉक्शनसाठी तो दोनदा भरावा लागतो, आणि आईच्या दुखऱ्या मनगटाला तर तो झेपणारच नाही. शेजारच्या काकांनी विचारले, ‘‘अरे, मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात अर्ध्या मिनिटाचे काम, ते हाताने का करत बसतोस?’’ त्यांचा प्रश्न रास्त आहे. मिक्सरचे पाते दाण्याला कोणत्याही ठरावीक फटीतून जायला लावत नाही, ते फक्त फोडत राहते. म्हणून भांड्याच्या तळाशी पीठ आणि वर अर्धेमुर्धे दाणे, अशी अवस्था होते. दुधाच्या कॉफीत ते खपून जाते, कागदी फिल्टरच्या काळ्या कॉफीत नाही.

दळण उद्या पुन्हा तसेच मिळणे, हाही गुणच आहे. नव्या ग्राइंडरच्या खालच्या चाकाला क्लिक आहेत. चाक आवळत जाऊन मूठ सुटी फिरेनाशी झाली की ते शून्य धरायचे आणि तिथून मागे मोजायचे. माझ्या कागदी फिल्टरला २२, आईच्या फिल्टरला ११. हे आकडे दुसऱ्याच्या ग्राइंडरला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण एकाच नमुन्याच्या दोन ग्राइंडरांचे शून्यही थोडे पुढेमागे असते.

मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी पुडीचा कोंडा डब्याला आणि बोटांना चिकटून बसतो. पावसाळ्यात हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो. हा घर्षणाने निर्माण होणाऱ्या स्थिर विजेचा परिणाम आहे. ओरेगॉन विद्यापीठातील ख्रिस्तोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, दळण्यापूर्वी दाण्यांना थोडे पाणी लावल्यास हा विद्युतभार कमी होतो असे दाखवले आहे. मी चमच्याचा मागचा भाग ओला करून दाण्यांतून एकदा फिरवतो, तेवढे पुरते. त्याआधी १५ ग्रॅमांतले ०.३ ग्रॅम ग्राइंडरमध्येच अडकून राहत, आता ०.१ च्या आसपास राहतात.

पोलादी बर पाण्याने धुवू नये, त्याला गंज चढू शकतो. आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडला की काम भागते. सफाईसाठी तांदूळ दळण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण कच्चा तांदूळ भाजलेल्या कॉफीपेक्षा कितीतरी कठीण असतो आणि त्याचा ताण आसावर आणि बेअरिंगांवर येतो, म्हणून मी तो कटाक्षाने टाळतो.

बेअरिंग किती वर्षे टिकतील, हे तीन आठवड्यांत कळण्यासारखे नाही. म्हणून नव्या ग्राइंडरचे शून्य जिथे येते तिथे चाकावर आणि अंगावर सुईने एक बारीक रेघ ओढून ठेवली आहे आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तारीख लिहिली आहे. वर्षभराने शून्यावर आणल्यावर त्या दोन रेघा समोरासमोर येतात की नाही, ते पाहीन.