तुम्ही विचारलंत म्हणून: त्या ई-पासचं अजून काय घेऊन बसलात?

"कोरोनात एवढी माणसं गेली, आणि तुम्ही अजून त्या ई-पासचं काय घेऊन बसलात?" ई-पास म्हणजे टाळेबंदीत जिल्ह्याबाहेर जायला लागायचा तो ऑनलाइन परवाना. हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, सोसायटीतले विचारतात, दुकानात दाखले काढायला येणारेही विचारतात. विचारणाऱ्यांपैकी काहींच्या घरातलं माणूस त्याच साथीत गेलं आहे. त्यांचा प्रश्न उडवून लावायचा नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. साथ खोटी होती, मास्क थोतांड होतं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या डोंबिवलीत ऑक्सिजनच्या बेडसाठी लोक रात्र रात्र फोन लावत होते, ते मी पाहिलंय. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाल्या तेव्हा मला ते पटलं होतं. सकाळी सव्वाआठच्या गाडीत माणूस माणसाला चिकटून उभा असतो. असा रोग आलेला असताना ती गाडी चालू ठेवणं म्हणजे आगीत रॉकेल ओतणं होतं. थांबवलं याबद्दल माझा राग नाही. थांबवल्यानंतर जे सुरू झालं, त्याबद्दल आहे.

आमचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. शटर बंद होतं, पण लॅपटॉप घरी होता, त्यामुळे ओळखीतले सगळे जिल्ह्याबाहेर जायच्या पासचे अर्ज माझ्याकडून भरून घ्यायचे. नाव, गाडीचा नंबर, कुठून कुठे, किती माणसं, फोटो, लक्षणं नसल्याचा डॉक्टरांचा दाखला, आणि प्रवासाचं कारण. फोटो ठरलेल्या आकाराच्या वर गेला की अर्ज पुढे सरकायचा नाही. सगळं भरलं की टोकन नंबर मिळायचा. मग वाट बघायची. त्या रकान्यांपैकी 'कारण' हा एकच माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

कारण म्हणून लोक काय सांगायचे? एका वहिनींना नववा महिना लागलेल्या मुलीजवळ जायचं होतं. एकाला आषाढात लावणीसाठी गावी जायचं होतं, घरी म्हातारे आईवडील आणि चिखलणी करायला माणूस नाही. एकाची मुंबईतली नोकरीच गेली होती; भाडं थकलं होतं, त्याला कायमचं घरी जायचं होतं. ही सगळी खरी कारणं. ती लिहिली की अर्ज नाकारला जायचा. का नाकारला, ते कळायचं नाही. फार तर कागद अपुरे असल्याचा मोघम शेरा. कोणी नाकारला, त्याचं नाव नाही. पुन्हा कोणाकडे दाद मागायची, त्याचा पत्ता नाही. हेल्पलाइन लागायची नाही, पोलीस चौकीत गेलं की ऑनलाइन करा म्हणायचे.

मग लोकांना हळूहळू समजलं की आजारपण आणि मरण, ही दोनच कारणं बऱ्यापैकी चालतात. शेजारचे एक काका म्हणाले, "आई सिरियस आहे असं घाला." त्यांची बायको मागे उभी होती. ती एकदम रडवेली झाली. "गो, असा अभद्र काय लिवू नको." सासू गावी धडधाकट, खळ्यात शेणसडा घालत होती. त्या बाईला घरी जायचंच होतं, पण चांगल्या माणसाचं आजारपण लिहून देऊन नाही. शेवटी त्यांनी अर्ज केलाच नाही. खरं बोलणारा घरात बसला आणि दाखला विकत घेणारा कशेडी घाट ओलांडून कोकणात गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पास मिळवून देणारे एजंट तयार झाले, त्यांतले काही पकडलेही गेले. साथ त्यामुळे किती थांबली असेल ते तुम्हीच ठरवा.

वडील गेल्याचा फोन आल्यावर अर्ज करणारा एक मुलगा होता. मृत्यूचा दाखला जोडा, असं उत्तर आलं. गावाकडे माणूस गेल्यावर दोन तासांत दाखला कुठून येणार? पास आला तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं. एरवी चार माणसांत कमी बोलणारा तो मुलगा मला म्हणाला, "ताई, मला जाऊ दिलं नाही याचं नाही वाईट वाटत. मी खरंच मुलगा आहे हे सिद्ध करायला लावलं, त्याचं वाटतं."

लोकांना निर्बंध नको होते म्हणून ते चिडले, असं टीव्हीवरचे तज्ज्ञ म्हणायचे. मला ते अजिबात मान्य नाही. २०२० ची वारी आठवा. शेकडो वर्षं पायी जाणारी पालखी त्या वर्षी निघाली नाही. आषाढीच्या आदल्या दिवशी पादुका एसटीतून पंढरपूरला नेल्या. आयुष्यात एकही वारी न चुकवलेली माणसं उंबऱ्याबाहेर पडली नाहीत. बहुतेक वारकऱ्यांनी ते मानलं, कारण संस्थानांशी आधी बोलणं झालं होतं, कारण सांगितलं होतं आणि नियम सगळ्यांना एकच होता. पुढच्या वर्षी तसा समजूतदारपणा सगळीकडे राहिला नाही, कारण मधल्या काळात लोकांनी बरंच काही बघितलं होतं.

काय बघितलं होतं? एप्रिल २०२० मध्ये, कडक टाळेबंदीत, उद्योगपती वाधवान यांचं कुटुंब आणि त्यांच्याबरोबरची माणसं, एकूण तेवीस जण, पाच गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेले. त्यांच्याकडे गृहखात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचं पत्र होतं. ओरड झाल्यावर त्या अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं; त्याच वर्षी सप्टेंबरात तो पुण्याचा पोलीस आयुक्त झाला.

आणि त्यानंतर महिनाभरात, ८ मे च्या पहाटे, जालन्याच्या स्टील कारखान्यातले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातले होते. श्रमिक गाडी मिळेल म्हणून भुसावळकडे चालत निघाले होते, थकून रुळांवरच झोपले. आठवड्यापूर्वी पाससाठी अर्ज केला होता, काही उत्तर आलं नाही, असं त्यांच्यातल्या वाचलेल्यांनी सांगितलं. मी त्या दिवशी अर्जांची यादी उघडून बसले होते. त्यातल्या 'प्रलंबित' या शेऱ्याकडे नंतर मला साधेपणाने बघता आलं नाही.

कोकणातल्या लोकांना त्या वर्षीच्या गणपतीबद्दल वेगळं सांगायला नको. चतुर्थी २२ ऑगस्टला होती. चाकरमान्यांनी ७ ऑगस्टच्या आत यावं, चौदा दिवस विलगीकरणात राहावं, असं सिंधुदुर्गात आधी पुढे आलं; त्यावर गदारोळ झाला. मग राज्याने चौदाचे दहा दिवस केले, एसटीने जाणाऱ्यांना पास नको, खाजगी गाडीने जाणाऱ्यांना हवा, १२ तारखेनंतर जाणाऱ्यांना चाचणी हवी, असं जाहीर केलं. त्यातच प्रत्येक गावच्या समितीचे आपापले नियम. गावातले लोक घाबरलेले होते, त्यांना मी दोष देत नाही. तिथे साधा एक्स-रे काढायला तालुक्याला जावं लागतं. पण ज्या घरात आपलं नाव सातबाऱ्यावर आहे, तिथे मुंबईचा म्हणून माणसाला शाळेच्या वर्गात झोपवलं गेलं आणि भावाभावांत जी तेढ आली, ती काही घरांत अजून आहे.

केंद्राने जुलैअखेरच्या नियमावलीतच जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर जायला वेगळ्या परवानगीची गरज नाही असं म्हटलं होतं. नेमक्या चतुर्थीच्या दिवशी केंद्रीय गृहसचिवांनी सगळ्या राज्यांना पत्र लिहून त्याची आठवण करून दिली. आपल्याकडचा पास रद्द झाला तो २ सप्टेंबरपासून. अनंत चतुर्दशी १ तारखेला होती. म्हणजे विसर्जन होईपर्यंत पास, आणि दुसऱ्या दिवसापासून मोकळीक. त्या एका रात्रीत रोगाचं काय बदललं, हे कोणी सांगितलं नाही.

लोकलचं तर आमच्या भागातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी गाड्या सुरू झाल्या. बाकीच्यांची ऑफिसं उघडली, पण गाडीत चढायची परवानगी नाही. इंदिरा चौकात बससाठी रांगा लागायच्या. पहाटे निघालेला माणूस दहाला फोर्टात पोचला तर नशीब. लोकलमध्ये अंतर राहत नाही म्हणून ज्यांना गाडी नाकारली, ते खचाखच भरलेल्या बसमध्ये तीन तास उभे. खाजगी नोकरीतल्यांना पगारकपातीची भीती, त्यामुळे खोटी ओळखपत्रं निघाली आणि त्यात पोरं अडकली. सर्वसामान्यांना १ फेब्रुवारी २०२१ पासून गाडी मिळाली, तीही ठरावीक वेळांत. एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद.

पुढे १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही डोस होऊन चौदा दिवस झालेल्यांनाच लोकल. ऐकायला बरोबर वाटतं. पण हिशेब करून बघा. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचं लसीकरण मे महिन्यात लस नाही म्हणून सरकारनेच थांबवलं होतं. अठरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी ते जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झालं. कोव्हिशील्डच्या दोन डोसांत चौऱ्याऐंशी दिवसांचं अंतर सरकारनेच ठरवलेलं. त्यावर चौदा दिवस. ते पुन्हा सुरू झालं त्या पहिल्याच दिवशी रांगेत उभा राहिलेला पंचविशीचा मुलगासुद्धा सप्टेंबर संपेपर्यंत गाडीत चढू शकत नव्हता. कुरिअरवाला, केटरिंगमधला, मोबाइलच्या दुकानातला, ही सगळी याच वयाची पोरं. त्यांची चूक काय होती?

या आदेशांविरुद्ध लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ते काढताना कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धतीच पाळलेली नव्हती. सरकारने आदेश मागे घेतले, आणि १ मार्चला जवळजवळ तीच अट नव्या आदेशात घातली. शेवटी २ एप्रिलला, गुढीपाडव्याला, सगळे निर्बंध उठले. महिन्याभराने सर्वोच्च न्यायालयाने लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध प्रमाणाबाहेर आहेत, सरकारांनी त्यांच्या समर्थनार्थ आकडेवारी दिलेली नाही, असं म्हटलं. तोवर ज्यांच्या नोकऱ्या जायच्या त्या गेल्या होत्या. त्यांना निकालाची बातमी वाचायला मिळाली, एवढंच.

हे सगळं ज्या कायद्यांच्या आधारावर झालं, त्यातला एक आपल्याच मातीतला आहे. मुंबईत प्लेग आला म्हणून इंग्रजांनी फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. अवघी चार कलमं. पुण्यात रँडच्या अंमलात गोऱ्या सैनिकांनी घरं झडतीला घेतली, टिळकांनी 'केसरी'त त्यावर कोरडे ओढले, २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. हे आपल्या शाळेच्या पुस्तकात असतं. जे पुस्तकात नसतं ते असं, की त्या कायद्याचं चौथं कलम सांगतं, सद्भावनेने केलेल्या कारवाईबद्दल कोणावर दावा लावता येणार नाही. परक्या राजाने लोकांना उत्तर द्यायला लागू नये म्हणून घातलेलं ते कलम आपण सव्वाशे वर्षांनी तसंच वापरलं. २०२० मध्ये कायदा दुरुस्त झाला. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात टाकणाऱ्यांना जबर शिक्षा आली, ते योग्यच झालं. त्याच दुरुस्तीने बस, रेल्वे, विमानं तपासण्याचे आणि प्रवासी अडवण्याचे केंद्राचे अधिकारही वाढवले. ज्याला अडवलं, त्याने कुठे जायचं याबद्दल एक ओळ आली नाही.

देशात कुठेही जाण्या-येण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात आहे. लोकहितासाठी त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, हेही तिथेच आहे. मी भांडते ते त्या 'वाजवी' शब्दापुरतं. टाळेबंदीचा नियम मोडला म्हणून भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली गुन्हे दाखल झालेली पोरं आमच्याकडे पासपोर्टचे फॉर्म भरायला यायची, आणि पोलीस पडताळणीचा विषय निघाला की गप्प व्हायची. ते गुन्हे मागे घेण्याचं मार्च २०२२ मध्ये राज्य सरकारने जाहीर केलं. म्हणजे गुन्हे म्हणण्याजोगं त्यात फारसं नव्हतं, हे सरकारलाही कळलं होतं.

तर मी काय घेऊन बसले आहे, ते सांगते. पुढची साथ येईल तेव्हा बंधनं घालावी लागली तर घाला. पण अर्ज नाकारलात तर कारण लेखी द्या आणि खाली नाव असलेल्या अधिकाऱ्याची सही द्या. चोवीस तासांत दाद मागता येईल असा माणूस तालुक्याला बसवा. मरण, बाळंतपण आणि शेती यांना पास लागू नये. प्रत्येक आदेशावर तो कधी संपणार ती तारीख असावी, आणि वाढवायचा असेल तर कोणत्या आकड्यांवरून वाढवला ते त्याच कागदावर असावं. हे कायद्यात आत्ता, कोणी आजारी नसताना लिहून घ्यायला हवं. आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींना मी हे निवेदन दिलं आहे. तुम्हाला पटत असेल तर तुमच्या भागातल्यांनाही द्या. मजकूर हवा असेल तर दुकानात या, छापून देते, पैसे घेणार नाही.