टॅपेट कव्हर चमकवलं एकदाचं!
पप्पांच्या जुन्या गाडीचं ॲल्युमिनियमचं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण, बाल्कनीत बसून घासलं, दोन रविवार गेले पण काय दिसतंय आता! मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरून ४००, ८००, १२०० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा सँडपेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक) आणले, आधी ऑइलचा चिकटा धुतला, मग पाणी मारत मारत घासायचं आणि प्रत्येक पेपरला दिशा बदलायची, एकदा आडवं एकदा उभं, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते लगेच कळतं. ४०० ला घाई केलीत तर पुढे २००० पण काही करू शकत नाही, खरंच. कॉस्टिक सोडा अजिबात नको, ॲल्युमिनियम खातो तो. गॅस्केट (ऑइल अडवणारी सीलची पट्टी) बसतं ती कड घासू नका, ऑइल गळेल. शेवटी मेटल पॉलिश आणि सुती बनियनचा तुकडा. आमच्या दादरला खारी हवा, म्हणून वर वॅक्सचा पातळ हात मारलाय.