समुद्राकाठची भिंत आणखी उंच का करत नाही?

समुद्राची वादळं आणि वाढती पातळी यांवर संशोधन करतो म्हटलं की हा प्रश्न येतोच. उत्तर द्यायला लागलो की लोकांना वाटतं, हा टाळतोय. टाळत नाही.

पाणी जितकं चढेल तितकी भिंत वाढवून भागत नाही. उथळ पाण्यात लाट खोलीच्या साधारण तीन चतुर्थांशापर्यंतच उंच राहते, मग फुटते. पाणी वाढलं की तीच मोठी लाट न फुटता भिंतीवर येते. लाट 10 टक्के उंच झाली तर बंधाऱ्याचा दगड 33 टक्के जड लागतो, कारण वजन उंचीच्या घनाप्रमाणे वाढतं.

आणि भिंत कुठेतरी संपतेच. एका वादळानंतर पाहणीला गेलो होतो. भिंत शाबूत, मागची घरं कोरडी. टोकापलीकडे मात्र किनारा खचून पहिल्या घराची अर्धी खोली गेली होती. टोकाला असं होतं हे आम्हाला ठाऊक असतं: भिंतीमागची वाळू लाटांना मिळत नाही, तेव्हा त्या पुढचा किनारा खातात. अहवालात ते लिहिलंही होतं. त्या घरापर्यंत तो अहवाल कुणी पोचवला नव्हता.

तिथल्या आजींनी विचारलं, "हे होणार, माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मग आमच्या अलीकडेच का थांबलात?"

पैसे तिथवरच होते, ते मी ठरवलं नव्हतं. तसं सांगितलं. "थोडी पुढे नेली असती तर?" तर शेजारचं घर गेलं असतं. हे मात्र माझ्याच्याने बोलवलं नाही.

सुरुवातीला मी म्हणायचो, आपण आकडे द्यावेत, निर्णय इतरांचा. पण नेदरलँड्सचं बघा: 1953 च्या समुद्री पुरात तिथे 1836 माणसं गेली. पुढे मध्य हॉलंडच्या बांधांना 10,000 वर्षांतून एकदा येणाऱ्या पातळीचा निकष लागला. इतर भागांना त्याहून सौम्य. बांधाचा खर्च आणि बुडाल्यास होणारं नुकसान यांचा हिशेब मांडूनच हे ठरलं. म्हणजे कुणी किती धोका सोसायचा, हे आकड्यातच असतं. मग मी गप्प कसा बसू? पण तेव्हाचा मी विचारतो, संशोधकच बाजू घेऊ लागला तर त्याच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवेल? ते मला अजून खोडता आलेलं नाही.

हल्ली अहवालाला टोकापलीकडच्या घरांचा नकाशा जोडतो, कुणी मागितला नसला तरी. सहकाऱ्यांशी त्यावरून वाद होतात.