जिव्हर्नी १:५० – भिंतींना रंग लागला, तळ्याचं काम सुरू

घराचा सांगाडा मागच्या वेळी उभा राहिला होता. आता भिंती रंगवून झाल्यात, पूल तयार आहे आणि तळ्यात रेझिनचे (ओतल्यावर घट्ट होऊन पाण्यासारखं दिसणाऱ्या द्रवाचे) पहिले थर पडलेत. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते: फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं फ्रान्समधल्या नॉर्मंडीतलं जिव्हर्नीचं घर आणि तिथली पाण्याची बाग असं हे १:५० मापातलं, म्हणजे खऱ्याच्या पन्नासाव्या हिश्शाचं, मॉडेल आहे. मोने १८८३ मध्ये या खेड्यात भाड्यानं राहायला आला, १८९० मध्ये त्यानं घर विकत घेतलं आणि १९२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथंच राहिला. घर सुमारे ४० मीटर लांब आणि रुंदीला जेमतेम ५ मीटर. म्हणजे आपल्या मापात ८० सेंटिमीटर बाय १०. इतकं लांबट घर टेबलावर फार देखणं दिसतं.

अशा कामात सगळ्यात आधी ठरवायचं असतं ते वर्ष. आज तिथं जाऊन काढलेले फोटो भरपूर मिळतात, पण ती १९८० मध्ये लोकांसाठी खुली झालेली, पुन्हा उभी केलेली बाग आहे. मी १८९९ धरलंय. त्या उन्हाळ्यात मोनेनं जपानी पुलाची चित्रं एकामागून एक रंगवली. त्या चित्रांत पुलावर विस्टेरिया या फुलवेलीचा मांडव नाही, नुसती हिरवी कमान आहे. तळंही लहान आहे, कारण शेजारची जमीन घेऊन ते वाढवलं गेलं १९०१ नंतर. तळ्याच्या मोठमोठ्या चित्रांसाठी बांधलेला तिसरा स्टुडिओ तर पहिल्या महायुद्धाच्या काळातला, त्यामुळे तो आपोआप गळला. एकदा वर्ष पक्कं झालं की काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे कळतं, आणि तिथंच निम्मं काम सोपं होतं.

भिंतींचा गुलाबी रंग मूळ घरात विटेच्या चुऱ्यामुळे आलेला. मीही तेच केलं. वीट खलबत्त्यात कुटली, मलमलच्या फडक्यातून दोनदा चाळली, आणि ती पूड मॅट मीडियममध्ये (रंगात मिसळायच्या, चकाकी नसलेल्या द्रवात) थोडा पांढरा ॲक्रिलिक घालून कालवली. सनबोर्डावर, म्हणजे हलक्या फोमच्या पुठ्ठ्यावर, चपट्या ब्रशनं थापत लावली, ओढत नाही. ओढली की ब्रशच्या रेघा उठतात, आणि १:५० मध्ये एवढ्या रेघा म्हणजे भिंतीला खाचा पडल्यासारख्या दिसतात. सुकल्यावर हात फिरवला तर बारीक खरखर लागते. तयार गुलाबी रंगाला ही मजा नाही.

खिडक्यांची दारं आणि पूल एकाच हिरव्याचे. व्हिरिडियन, पांढरा, किंचित लेमन यलो. पुलासाठी व्हिनियरच्या तीन पट्ट्या गरम पाण्यात भिजवून, मध्ये फेव्हिकॉल लावून गोल डब्यावर दोऱ्यानं बांधून ठेवल्या. सोडल्यावर कमान जशीच्या तशी राहिली.

आता तळं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. मोनेनं १८९३ मध्ये रेल्वेमार्गापलीकडची जमीन घेतली आणि एप्त नदीच्या एका फाट्याचं पाणी तिथं वळवायची परवानगी मागितली. गावकऱ्यांनी विरोध केला. परदेशी झाडांनी पाणी विषारी होईल अशी त्यांना भीती होती. परवानगी शेवटी मिळाली. पुढे या तळ्यासाठी खास माळी होता. तो होडीतून फिरून सुकलेली पानं काढायचा, पाणी स्वच्छ ठेवायचा. मला या माळ्याचं काम फार महत्त्वाचं वाटतं. मोनेला पाण्यातल्या लिलींइतकंच मधलं मोकळं पाणी हवं होतं, ज्यात आभाळ आणि काठच्या विलो झाडांच्या लोंबत्या फांद्या उतरतील. म्हणून मी स्वतःला एक नियम घातलाय: तळ्याचा तिसरा हिस्साच पानांनी झाकायचा. आपल्या मॉडेल करणाऱ्या मंडळींची तळी पाहिली की बहुतेक ठिकाणी लिली गच्च भरलेल्या दिसतात. भरू नका. प्रतिबिंब नसेल तर जिव्हर्नी नाही.

त्यासाठी तळ गडद लागतो. बाटली हिरवा आणि बर्न्ट अंबर, मधोमध जवळजवळ काळा, कडेला मातकट. त्यावर रेझिन दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी. एकदम ओतलं तर ते तापतं आणि बुडबुडे आत अडकतात. सध्या पुण्यात पावसाची झड आहे, आणि दमट हवेत या एपॉक्सी रेझिनच्या पृष्ठभागावर दुधाळ, चिकट साय धरते. म्हणून बंद खोलीत, जवळ साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून, वर प्लास्टिकचा डबा उपडा ठेवून थर सुकवतेय. वरचा थर अगदी सपाट ठेवणार. लाटा उठवायचं जेल इथं वापरायचंच नाही.

लिलीचं पान खऱ्यात साधारण वीतभर. आपल्या मापात ४ ते ५ मिलिमीटर. बटर पेपर आधी दोन्ही बाजूंनी रंगवला, वरून हिरवा, खालून तांबूस. मग स्टीलच्या पोकळ नळीला धार लावून चकत्या पाडल्या. प्रत्येक चकतीला ब्लेडनं देठापाशी खाच. एखाद-दुसऱ्या पानाची कड चिमट्यानं वर वळवली की खालचा तांबूस रंग डोकावतो, आणि पान पाण्यावर तरंगतंय असं खरंच वाटतं. पानं सुटी विखरायची नाहीत. त्या चित्रांत ती आडव्या पट्ट्यांनी, पुलाखालून मागे जाताना लहान होत गेलेली आहेत. फुलं मोजकी, पांढरी आणि फिकट गुलाबी.

पुढचं काम विलोचं. तांब्याच्या बारीक तारेच्या फांद्या वळून ठेवल्यात, पण लोंबणारी पानं कशाची करावीत हे ठरत नाहीये. शेवाळाचा भुसा जाड दिसतो, कागदाच्या कातरणाला टोकं येतात. ही झाडं अगदी काठावर येणार आणि त्यांची सावली थेट रेझिनमध्ये पडणार, त्यामुळे जाडसर चालणार नाही. कोणी या मापात वीपिंग विलो केला असेल तर काय वापरलं ते फोटोसकट नक्की कळवा. शेवटचा थर त्याआधी ओतणार नाही.