सील चांगलं होतं, तरी तेल येत होतं

ही एक-सिलिंडर मोटरसायकल दोन गॅरेजं फिरून माझ्याकडे आली. दोन्हीकडे पुढच्या स्प्रॉकेटमागचं ऑइल सील नवीन घातलं होतं आणि कव्हरच्या कडेनं सिलिकॉन थापलं होतं. त्या थापाथापीची मला चीड आहे. जास्तीचं सिलिकॉन आत सुटतं आणि ऑइलच्या जाळीत जाऊन बसतं.

सील काढलं. लिप (शाफ्टला टेकणारी रबरी कड) शाबूत, स्प्रिंग जागेवर, शाफ्टवर ओरखडा नाही. म्हणजे तेल आतल्या दाबानं बाहेर येत होतं. आधी लीक-डाउन टेस्ट घेतली, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबानं हवा भरून गळती पाहिली, कारण पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर ब्रीदर, म्हणजे इंजिनमधला दाब बाहेर सोडणारी वाट, कितीही सुधारून उपयोग नाही. रिंगा ठीक निघाल्या.

मग ब्रीदर पाहिला. मालकानं एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा, ब्रीदरची नळी यातच जोडलेली असते) काढून उघडा फिल्टर बसवला होता. त्यामुळे मोकळ्या झालेल्या ब्रीदर नळीच्या टोकाला त्यानं एक चकचकीत छोटा फिल्टर लावला. नळी आतून १२ मिमी, फिल्टरचं तोंड ६ मिमी. व्यास निम्मा झाला की वाट पावच उरते. ३५० सीसीचा पिस्टन प्रत्येक फेऱ्यात खाली येताना क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीतली, तेवढी जागा व्यापतो. ५००० आरपीएमला सेकंदाला ८३ वेळा. त्यात रिंगांवरून निसटणारा गॅस. एवढ्याला वाट मिळाली नाही तर तो सीलमधूनच निघणार.

आतला दाब दिसावा म्हणून ऑइल भरायच्या तोंडाला पारदर्शक नळी जोडली, तिचा यू केला, त्यात पाणी भरलं. छोट्या फिल्टरसह जरा रेस केली तर पाणी बाहेरच उडालं. फिल्टर काढला, पाणी जागच्या जागी थरथरत राहिलं. मालक शेजारी उभा होता, त्याला वेगळं समजावावं लागलं नाही.

त्याला नळी मागे नुसती लोंबती हवी होती, रेसच्या गाडीसारखी. मी साफ नाही म्हटलं. मागच्या टायरची एक बाजू आधीच तेलकट झाली होती, आणि रेसमध्येसुद्धा ब्रीदर असा रस्त्यावर सोडू देत नाहीत. पूर्ण १२ मिमीची नळी इंजिनपासून सतत चढती नेली, कुठंही झोळ नाही. झोळात पाणी-तेल साचलं की वाट पुन्हा बंद. वर तेल अडवणारी कॅच टाकी, आत स्टीलची जाळी, हवेचं तोंड माथ्यावर. इंजिनलगत एकतर्फी व्हॉल्व्ह, जो हवा बाहेर सोडतो पण परत आत येऊ देत नाही; तो लगतच हवा, कारण लांब नेला तर मधल्या हवेतच धक्का जिरतो. व्हॉल्व्हनंतर यू-नळीतलं पाणी उलट इंजिनकडे ओढलं गेलं. सील कोरडं.

विचार चालू आहे तो या व्हॉल्व्हचाच. त्याचं रबर गरम तेलाच्या वाफेनं कडक होतं, आणि बंद अवस्थेत चिकटलं तर सगळा दाब परत सीलवर. साध्या रुंद नळीत बिघडण्यासारखं काही नाही, पण ओढही मिळत नाही. पुढच्या सर्व्हिसला व्हॉल्व्ह काढून फुंकून बघणार आहे. रबर जरा जरी ताठरलं असेल, तर नुसती नळीच ठेवीन.