पाऊस जिरवण्याची करसवलत आणि मे महिन्यातली पाहणी

राज्य सरकारचे पर्यावरण रक्षणासाठीचे माझी वसुंधरा अभियान २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले, तेव्हापासून आमच्या शहरातही पंचमहाभूतांची चित्रे असलेले फलक चौकाचौकांत झळकत आहेत. या अभियानात स्थानिक स्वराज्य संस्थांना गुण मिळतात. त्यामुळे पर्जन्यजल संधारण करणाऱ्या सोसायट्यांना मालमत्ता करात सवलत देण्याबाबत महापालिका तत्पर असेल, अशी माझी समजूत होती. सोसायटीचा सचिव या नात्याने मी गच्चीचे पाणी बोअरवेलमध्ये जिरवण्याचे काम पूर्ण करून घेतले आणि ठराव, नकाशा, बिले यांसह अर्ज दाखल केला.

गाडे अडले ते पाहणीवर. कर विभागाने पाणीपुरवठा विभागाकडे बोट दाखवले, त्यांनी बांधकाम विभागाकडे, आणि अखेर ऐन मे महिन्यात एक कनिष्ठ अभियंता आले. त्यांनी फिल्टरच्या टाकीचे झाकण उचलायला लावले, आतली वाळू, खडी व कोळसा निरखून पाहिला आणि विचारले, “सेक्रेटरी साहेब, सगळं ठीक आहे, पण पाणी कुठं आहे?” पावसाळ्याला अवकाश असल्याचे मी नम्रपणे सांगितले. त्यावेळी फाटकाशी टँकर रिकामा होत होता. तरीही अहवालात “यंत्रणा कार्यान्वित असल्याचे आढळून आले नाही” असा शेरा पडला, आणि तो काढायचा तर फेरपाहणी हवी व फेरपाहणीसाठी नवा अर्ज हवा, असे उत्तर मिळाले.

शंभर चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १००० लिटर पाणी मिळते, हा हिशोब मी अर्जात मांडला; तो कोणी वाचल्याचे दिसले नाही. काम झाले ते माहिती अधिकाराच्या अर्जाने. पाहणीच्या वेळी वाहते पाणी दाखवण्याची अट कोणत्या परिपत्रकात आहे, एवढेच मी विचारले. अशी अट नसल्याचे लेखी उत्तर आले आणि लगोलग फेरपाहणीही झाली. तोवर बिल भरण्याची मुदत संपल्याने सवलत पुढील बिलात वळती झाली. ते बिल मी कार्यकारिणीच्या सभेत, जरा मोठ्यानेच, वाचून दाखवले.

अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, हे आधीच लिहायला हवे होते. पहिल्या मुसळधार पावसात पाइपातून पाणी टाकीत पडतानाचे, तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवावेत. आमच्याकडे यंत्रणा चालू असल्याचा दाखला दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो, म्हणून यंदाचा अर्ज मी जुलैमध्येच देणार आहे.